लिंबोणीची पानं काळी पडलीयत, फवारणीआधी काय काय बघू?

निशिगंधा
शनिवार, सकाळी ८:१२

नमस्कार. अंगणात सासऱ्यांच्या हातची नऊ वर्षांची लिंबोणी आहे. ते आता नाहीत, त्यामुळे या झाडात घरातल्या सगळ्यांचाच जीव अडकलाय. गेल्या दोनेक महिन्यांपासून पानांवर काळा थर चढतोय, चुलीची काजळी धरावी तसा. आधी खालच्या फांद्यांवर होता, आता निम्मं झाड काळवंडलंय. कोवळी पानं वाकडीतिकडी होतायत आणि त्यांच्यावर पांढऱ्या नागमोडी रेघा दिसतात. फळं लहान असतानाच गळतात.

बुरशी समजून मी पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा बुरशीनाशक फवारलं. काडीचा फरक पडला नाही. झाडांना औषध मारून देणारे एक जण येऊन गेले. त्यांनी झाडाचं पानही न उलटता तीन औषधं एकत्र करून मारू म्हणून सांगितलं, "सगळ्याला लागू पडतं" म्हणाले. मला ते पटलं नाही, पण मग करायचं काय तेही कळत नाही. घरात लहान मूल आहे, झाडावर शिंपी पक्षी घरटं करतो. हे नक्की कशाने झालंय ते ओळखायचं कसं?

पिंपळपान
शनिवार, सकाळी ९:०५

रेघा आणि वाकडी पानं म्हणजे कीड नक्की. माझ्या जास्वंदीवर असंच झालं होतं. एक कडक कीटकनाशक मारलं आणि चार दिवसांत सगळं साफ. वाट बघत बसलात तर झाड हातचं जाईल.

माळरान
शनिवार, सकाळी ९:४८

निशिगंधाताई, थांबलात ते फार बरं केलंत. एकदा फवारलं की झाडावरचा निम्मा पुरावा धुऊन जातो. मी वीसेक वर्षं फळझाडांत काढली आहेत. घराभोवतालच्या झाडांच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यातल्या कितीतरींचं मूळ रोगात किंवा किडीत नसतंच. पाणी, माती, बुंध्याशी केलेलं बांधकाम, खोडाला बसलेला मार यांनी झाड आधी खंगतं आणि मग खंगलेल्या झाडावर कीड चढते. म्हणून मी शेंड्यापासून सुरुवात करतो आणि जमिनीपर्यंत खाली येतो.

एवढं बघून सांगा. काळा थर ओल्या बोटाने पुसला तर निघतो का, आणि खाली पान हिरवं आहे का? पान उलटं करून मधल्या शिरेलगत काही चिकटलंय का ते बघा. खोडावरून मुंग्यांची रांग चढते का? पानं पिवळी असतील तर नवी की जुनी? आणि ज्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही ते शेवटचं: खोड जमिनीत शिरतं तिथे ते खांबासारखं सरळ आत गेलंय, की खाली पसरट होत गेलंय? दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर सोबत घ्या.

पिंपळपान, जास्वंदीवर पुढच्या महिनाभरात काय झालं? हे मी खोडून काढायला विचारत नाही, मला खरंच जाणून घ्यायचंय.

पिंपळपान
शनिवार, सकाळी ११:३०

खरं सांगायचं तर तीन आठवड्यांनी पानं फिकट पडली, पांढरे बारीक ठिपके आले आणि शेंड्यांना जाळी धरली. मी तो वेगळाच रोग समजलो होतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

माळरान
शनिवार, दुपारी १२:१०

आहे. ते लाल कोळी. त्या कडक औषधाने किडीबरोबर कोळ्यांना खाणारे मित्रकीटकही मेले. कोळी पानाच्या खालच्या बाजूला बसतात, त्यांच्यापर्यंत औषध नीट पोचत नाही आणि पोचलं तरी त्यातले बरेच तगतात. खाणारं कुणी उरलं नाही, म्हणून ते बेसुमार वाढले.

ओळखायचे असतील तर फांदीखाली पांढरा कागद धरा आणि फांदीवर दोन टिचक्या मारा. कागदावर पडलेले धुळीसारखे कण चालायला लागले तर कोळी. कागदावरून बोट फिरवलंत तर तांबूस रेघ उमटते. धुळीत आणि कोरड्या उन्हात ते फोफावतात, त्यामुळे रोज सकाळी पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी आठ-दहा दिवसांत बराच उतार पडतो.

निशिगंधा
शनिवार, संध्याकाळी ६:५५

आज दिवसभर झाडाखालीच होते.

काळा थर बोटाने निघतो आणि खाली पान अगदी हिरवंगार आहे. पान उलटल्यावर मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंनी तपकिरी, चपट्या, अंडाकृती टिकल्या चिकटलेल्या दिसल्या. आधी मला त्या पानाचाच भाग वाटल्या. नखाने उचकटलं तर एकेक सुटून येते, आणि चिरडली की ओलसर चिकट पाणी निघतं. काहींवर मात्र बारीक गोल भोक आहे आणि त्या आतून पोकळ आहेत. खालच्या पानांवर हात फिरवला तर साखरेचा पाक सांडल्यासारखं चिकट लागतं. मुंग्यांच्या दोन रांगा खोडावरून वर जातायत.

पिवळी म्हणाल तर काही जुनी पानं पिवळी आहेत. बुंध्याकडे बघायचं राहून गेलं, तिथे पाचोळा आणि माती बरीच चढलीय.

माळरान
शनिवार, रात्री ९:२०

वा, हे वाचून अर्ध्याहून जास्त चित्र स्पष्ट झालं. तुमचा रोग बुरशीचा नाही, पण काळा थर बुरशीचाच आहे.

त्या टिकल्या म्हणजे खवले कीड. ती एका जागी बसून सोंड आत खुपसते आणि पानातला रस ओढते. रसात साखर भरपूर, तिला हवी असलेली प्रथिनं थोडी, म्हणून ती खूप रस ओढते आणि जादा साखर गोड थेंबांच्या रूपाने बाहेर टाकते. तो गोडवा खालच्या पानांवर ठिबकतो आणि त्यावर काजळीची बुरशी वाढते. बुरशी पानात शिरत नाही, वरच्या वर जगते. नुकसान होतं ते ऊन अडल्यामुळे. म्हणून तुमचं बुरशीनाशक वाया गेलं. मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, आंब्याच्या मोहोरावरचे तुडतुडे यांच्यामागेही ही काजळी अशीच येते. म्हणून काळं पान दिसलं की त्याच्या वरच्या फांदीतली पानं उलटून बघायची.

आता मुंग्या. त्या गोड थेंबांसाठी येतात आणि बदल्यात खवले किडीची राखण करतात. लेडीबर्ड भुंगेरा जवळ आला की हुसकावतात, अंडी घालायला आलेल्या गांधीलवर्गातल्या चिमुकल्या माश्यांना बसू देत नाहीत. तुम्हाला भोक पडलेल्या टिकल्या दिसल्या ना? ती त्याच माशीची खूण. तिची अळी आत वाढली, टिकली पोखरून खाल्ली आणि भोक पाडून बाहेर पडली. म्हणजे तुमच्या झाडावर औषध न मारताच काम करणारं कुणीतरी आहे, आणि मुंग्या त्याला अडवतायत.

म्हणून पहिलं काम मुंग्या रोखण्याचं. खोडाभोवती कापडाची किंवा जाड कागदाची पट्टी घट्ट गुंडाळा आणि तिच्यावर न सुकणारा चिकट पदार्थ लावा. थेट सालीवर लावू नका, साल भाजते. दर आठवड्याला पट्टी तपासा, तिच्यावर पाचोळ्याचा पूल होतो. भिंतीला, कुंपणाला, दोरीला टेकणाऱ्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून येतील.

दुसरं, फार लडबडलेल्या चार-दोन आतल्या फांद्या काढून हवा खेळती करा. मग सकाळी पाण्याचा फवारा मारून झाड धुवा.

तिसरं, एवढं करून नव्या पालवीवर पिवळसर, रांगणारी पिल्लं दिसली तरच फवारा. मोठ्या टिकलीवर मेणाचं कवच असतं, औषध आत जात नाही. पिल्लं उघडी असतात. फांदीला दुहेरी चिकटपट्टी गुंडाळून ठेवलीत तर पिल्लं तिच्यावर अडकलेली दिसतात, आणि वेळ झाली हे कळतं. तेव्हा फवारणीचा साबण किंवा लिटरला ५ मिली निंबोळी तेल पुरतं. तेल पाण्यात मिसळायला थोडं साबणाचं पाणी घाला आणि अधूनमधून ढवळत राहा. भांडी घासायचा द्रव वापरू नका, त्याने पानांवरचा मेणाचा थर जातो. आधी एका फांदीवर मारून दोन दिवस बघा. संध्याकाळी मारा, तळपत्या उन्हात तेल पानं जाळतं. फुलं उमललेली असतील तर थांबा.

मेलेल्या टिकल्याही पानाला चिकटून राहतात, म्हणून "औषध लागलं नाही" असा समज होतो. नखाने चिरडा. रस आला तर जिवंत, कोरडा भुगा झाला तर मेलेली.

कृष्णकमळ
रविवार, सकाळी ७:४०

माळरान, मुंग्यांचं हे कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं. यातच एक भर घालते.

एकोणिसाव्या शतकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्या-मोसंब्यांच्या बागा अशाच एका खवले किडीने संपत आल्या होत्या. ही कीड ऑस्ट्रेलियातून आलेली. १८८८ साली अल्बर्ट कोबेले हा कीटकतज्ज्ञ ऑस्ट्रेलियात गेला आणि तिला खाणारा छोटासा लाल-काळा लेडीबर्ड भुंगेरा शोधून त्याने तो बोटीने पाठवला. वर्ष-दोन वर्षांत बागा सावरल्या. पुढे दुसऱ्या महायुद्धानंतर बागांमध्ये डीडीटी मारायला लागले, भुंगेरे मेले आणि विझलेली कीड पुन्हा उसळली. पिंपळपान यांच्या जास्वंदीचीच ही गोष्ट, फक्त हजारो एकरांवरची.

नागमोडी रेघांचं मी सांगते. ती पान पोखरणारी अळी. पानाच्या पातळ त्वचेखाली बोगदा काढत जाते, रेघेच्या मधोमध दिसणारी गडद ओळ ही तिची विष्ठा. तिला फक्त कोवळं पान चालतं. पान निबर झालं की ते वाचलं. नऊ वर्षांच्या झाडाला ती मारत नाही, त्यामुळे तिच्यामागे फार लागू नका. वाकडी पानं तोडू नका, ती दिसायला वाईट असली तरी झाडासाठी अन्न करतात. नत्राचं खत भरमसाट दिलं किंवा वारंवार छाटणी केली की सारखी कोवळी पालवी फुटते आणि अळीला आयतं जेवण मिळतं.

पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काही दिसलं तर तेही नीट बघा. ते लिंबाच्या फुलपाखराचं लहान सुरवंट असू शकतं. मोठं झालं की हिरवं होतं, आणि डिवचलं तर डोक्यामागून केशरी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतं. मी माझ्या मोठ्या झाडावर ती राहू देते. रोप लहान असेल तर हाताने उचलून दुसरीकडे ठेवा.

आमराई
रविवार, सकाळी १०:१५

धाग्याच्या विषयाशी जवळचं आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या आंब्याची एक जाड फांदी अचानक वाळली. खोडावर बोट जाईल एवढं भोक आहे, खाली लाकडाचा भुसा आणि विष्ठेच्या गोळ्या पडल्यात. वाळवी का?

माळरान
रविवार, दुपारी १:३०

वाळवी असती तर सालीवर मातीचे बोगदे दिसले असते, आणि ती बहुधा मेलेली साल आणि लाकूड खात असते. भुसा आणि भोक म्हणजे खोडकिडा. लांब मिशांच्या मोठ्या भुंगेऱ्याची ही अळी, आत महिनोन् महिने राहते.

भोकाचं तोंड चाकूने साफ करा आणि सायकलच्या आऱ्यासारखी लवचीक तार, टोकाला बारीक आकडा करून, आत सारा. बोगदा बहुतेक वर वळतो, म्हणून तार वरच्या दिशेने फिरवत न्या. मऊ काही लागलं की आकडा फिरवून ओढा. अळी जाडजूड, पिवळट पांढरी, तपकिरी डोक्याची असते. तारेला पांढरा ओलावा लागून आला तर ती मेली समजा. मग भोक चिखलाने बंद करा आणि खाली पडलेला सगळा भुसा झाडून टाका. आठ दिवसांनी नवा भुसा दिसला तर आत अजून एक आहे. हे झाडून टाकणं फार महत्त्वाचं. जुना भुसा तसाच राहिला तर नवा कळतच नाही. वाळलेली फांदी जिवंत भागापर्यंत कापा आणि लगेच लांब न्या, आत अळ्या असतील.

सोनचाफा
रविवार, दुपारी ४:०५

फांदी कापायची म्हणताय तर कुठून कापायची हेही सांगायला हवं. माझं याच बाबतीत नुकसान झालंय.

पाच वर्षांपूर्वी मी चाफ्याची फांदी खोडाला अगदी घासून, गुळगुळीत कापली आणि वरून तैलरंग लावला. वाटलं, जखम झाकली. रंगाखाली ओल साठली, लाकूड कुजलं, आज तिथे हाताची मूठ जाईल एवढी ढोली आहे. नंतर वाचलं आणि कळलं की फांदी खोडातून निघते तिथे फुगीर कडं असतं. त्याच्या बाहेरून कापायचं, कड्याला धक्का लावायचा नाही, आणि खुंटही ठेवायचा नाही. ॲलेक्स शायगो या अमेरिकन वृक्षतज्ज्ञाने हजारो झाडं उभी चिरून दाखवलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरून येत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती उभ्या करतं आणि तो भाग कोंडून टाकतं. त्या भिंती त्या कड्यातच तयार होतात. कडंच कापलं की झाडाचं हत्यारच गेलं. रंगाने, डांबराने कूज थांबत नाही.

जड फांदी एका झटक्यात कापू नये. आधी थोडं पुढे खालून एक अर्धवट खाच, मग तिच्या जरा पुढे वरून कापून वजन उतरवायचं, आणि शेवटी कड्याजवळ नेमका काप. एकदम कापली तर फांदी पडताना खोडाची साल सोलत खाली येते.

आणि सगळ्यांना कळकळीने सांगते, आधारासाठी बांधलेल्या दोऱ्या आणि तारा आजच तपासा. माझ्या शेजारच्या अंगणातल्या चार वर्षांच्या झाडाचा शेंडा वाळत होता, तीन वेळा औषध झालं. शेवटी खोडात रुतलेली नायलॉनची दोरी सापडली. वरून साल चढली होती, म्हणून दिसत नव्हती.

गव्हाळी
रविवार, संध्याकाळी ७:२०

आमच्या जुन्या गुलमोहराच्या बुंध्याशी लाकडासारखी कडक, तपकिरी, चकचकीत अळिंबी आलीय, थाळीएवढी. झाड वरून हिरवंगार आहे. काढून टाकली की झालं ना?

माळरान
रविवार, संध्याकाळी ७:४५

नाही, आणि हे तातडीचं आहे. ते बुरशीचं फळ आहे, बुरशी आत लाकडात आहे. पानांना पाणी नेणारा थर सालीच्या लगत असतो, तो शाबूत असेपर्यंत झाड हिरवं दिसतं. पण त्याला उभं धरणारं आतलं लाकूड आणि मुळं कुजलेली असू शकतात. अशी हिरवी झाडं वाऱ्यात मुळासकट आडवी होतात.

खोडावर लाकडी हातोडीने ठोकत गोल फिरा, पोकळ आवाज कुठे येतो ते कळेल. पण निर्णय ठोकून घेऊ नका. झाडाच्या पडण्याच्या टप्प्यात घर, रस्ता किंवा मुलांची खेळायची जागा असेल तर तिथला वावर आजपासून बंद करा आणि झाडांची तपासणी करणारा जाणकार माणूस बोलवा. यावर औषध नाही.

निशिगंधा
सोमवार, सकाळी १०:३०

माळरान, तुम्ही सांगितलेलं शेवटचं आज बघितलं, आणि मला रडू आलं.

खुरप्याने माती बाजूला करत गेले. खोड सरळ खांबासारखं आत गेलेलं. वीतभर खाली गेल्यावर कुठे ते पसरट झालं. तीन वर्षांपूर्वी अंगणात फरशी घातली तेव्हा उरलेली माती झाडाच्या आळ्यात ओतली होती, आणि मी दरवर्षी खत घालून ते आणखी भरत गेले. नळीचं पाणीही थेट बुंध्याशी सोडतो. मातीखाली कलमाचा जोड आहे. त्याच्या खालची साल दोन बोटं रुंद पट्ट्यात तपकिरी, ओली आहे, दाबली की मऊ लागते, आंबूस वास येतो. वरच्या कडेला पिवळट डिंकाचे थेंब सुकलेत. मी झाडाची काळजी घेतेय असंच समजत होते.

माळरान
सोमवार, सकाळी ११:१५

ताई, काळजी घेत होतात म्हणूनच ते सापडलं. खत घालताना खोडाजवळ टाकणं ही सगळीकडे चालणारी चूक आहे.

हा डिंक्या. मातीतली फायटोफ्थोरा नावाची बुरशीसारखी सूक्ष्मजात साल कुजवते. तिला साल सतत ओली लागते, आणि ती आपण दिली. जुनी पानं पिवळी पडणं, फळं गळणं याचं मोठं कारण मला इथे दिसतं. खवले कीडही अशा अशक्त झाडावर जास्त माजते. पानांवर काय हवं ते मारलं असतं तरी हे खाली चालूच राहिलं असतं.

साल खोडाभोवती किती भागात गेलीय? निम्म्यापेक्षा कमी असेल तर झाड वाचण्याची चांगली आशा आहे.

निशिगंधा
सोमवार, सकाळी ११:४०

साधारण पाचवा भाग. बाकी सगळीकडे नखाने खरवडलं तर आत ओलं हिरवं आहे.

माळरान
सोमवार, दुपारी १२:२०

उत्तम. आता हे असं करा.

माती पसरट भागापर्यंत पूर्ण काढा, मुख्य मुळांचे खांदे उघडे दिसले पाहिजेत. हाताने काढा, कुदळ नको. कुजलेली साल धारदार चाकूने खरवडा, कडेला निरोगी हिरवट-पांढरी साल लागेपर्यंत. प्रत्येक वेळी चाकू ७० टक्के अल्कोहोलने पुसा. खरवडलेले तुकडे गोळा करून झाडापासून लांब टाका. दोन दिवस उघडं सुकू द्या, मग बोर्डो पेस्ट लावा.

घरापुरती पेस्ट: १०० ग्रॅम मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) अर्धा लिटर पाण्यात, प्लास्टिकच्या भांड्यात विरघळवा. १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या भांड्यात थोड्या पाण्यात विरवा आणि अर्धा लिटर करा. चुना विरताना उकळतो, चष्मा आणि हातमोजे हवेतच, मूल घरात असू दे. दोन्ही थंड झाल्यावर तिसऱ्या प्लास्टिकच्या भांड्यात एकाच वेळी ओतत ढवळा. लोखंडाचं भांडं चालत नाही. मग स्वच्छ लोखंडी सुरी मिनिटभर बुडवून काढा. तांबूस पुट चढलं तर मोरचूद मोकळं आहे, सालीला भाजेल. आणखी थोडी चुन्याची निवळी घाला आणि पुट चढणं बंद होईपर्यंत तपासा. केलेली पेस्ट त्याच दिवशी ब्रशने लावा. उरलेली ठेवू नका. तांबं मातीत साठून राहतं, म्हणून हे फक्त खोडाला, आणि गरजेपुरतं. वर सोनचाफा यांनी रंगाबद्दल सांगितलं ते बरोबरच आहे. छाटणीच्या जखमेला काही लावायची गरज नसते. इथे आपण जखम झाकत नाही, सालीतला रोग अडवतोय.

आणि सगळ्यात मोठं काम पाण्याचं. दुहेरी आळं करा. खोडाभोवती हातभर जागा उंचवटा करून कोरडी, तिच्या बाहेर गोल चर, आणि पाणी फक्त त्या चरात. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली आणि त्याच्याही बाहेर असतात, बहुतेक वरच्या फूट-दीड फूट मातीत. खोडाजवळ ओतलेलं पाणी त्यांना फारसं मिळतच नाही. पाचोळ्याचं आच्छादन जरूर ठेवा, पण खोडापासून वीतभर दूर.

वाडा
सोमवार, दुपारी ३:००

बोर्डो नावावरून आठवलं म्हणून लिहितो. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोकांनी घड चोरू नयेत म्हणून मोरचूद-चुन्याचं निळसर पाणी शिंपडत. १८८२ मध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाला दिसलं की केवडा रोगाने बाकीच्या वेलींची पानं गळलीत, पण शिंपडलेल्या वेलींची टिकलीत. त्यावर काम करून त्याने १८८५ मध्ये ते जाहीर केलं. नीट बघण्यातून औषध सापडलं, हे मला फार आवडतं.

कृष्णकमळ
सोमवार, रात्री ८:१०

जाता जाता एक. ताई, पिवळ्या पानांचा एक फोटो भिंगातून काढून ठेवा. मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा पिवळेपणा असेल तर बहुधा अन्नद्रव्यांचा किंवा मुळांचा प्रश्न. एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला वेगळाच, असा डागाळ पिवळेपणा असेल तर मात्र सिट्रस ग्रीनिंग या लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाची शंका घ्यावी लागते. तो सिट्रस सायला नावाच्या किडीमुळे पसरतो आणि झालेल्या झाडावर उपाय नाही. तुमचं वर्णन वाचून मला तसं वाटत नाही, पण तपासून टाका.

आणि खोडावरचं राखाडी दगडफूल खरवडत बसू नका कुणी. ते सालीवर नुसतं राहतं. पानाच्या कडेला कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे नेलेले दिसले तर ती पानकापी मधमाशी, घरट्यासाठी नेते. तिलाही राहू द्या.

निशिगंधा
सात आठवड्यांनी, शनिवार, सकाळी ९:००

कळवायला उशीर झाला, झाडाला वेळ देत होते.

पिवळेपणा दोन्ही बाजूंना सारखाच निघाला. माती काढली, फरशीच्या चार लाद्या उखडल्या, दुहेरी आळं केलं. पेस्ट लावताना सुरीवर पहिल्यांदा तांबूस पुट चढलं होतं, तीनदा चुना घालावा लागला. डिंक नव्याने आलेला नाही. खरवडलेल्या जागेच्या कडेने सालीची गोल वळी फुगून येतेय. मुंग्यांची पट्टी दोनदा बदलली. तेल फक्त एकदाच, खालच्या तीन फांद्यांवर मारलं. जुन्या पानांवरचा काळा थर पावसाने बराच धुतला गेला, आणि नवीन पालवी स्वच्छ आहे. तिच्यावर रेघा आहेत, पण त्या आता मला खुपत नाहीत.

काल मात्र घाबरले. एका फांदीवर पांढरी, लोकरीचे झुबके लावल्यासारखी पाच-सहा किडे दिसले. पिठ्या ढेकूण आला म्हणून पाण्याची नळी घेऊन गेले, आणि मग आधी भिंग लावलं. ते टिकल्यांवरून भराभर चालत होते, आणि एक जण चक्क एका टिकलीत तोंड खुपसून बसला होता.

माळरान
शनिवार, सकाळी ९:२५

क्रिप्टोलेमस! लेडीबर्डचीच अळी आहे ती. पिठ्या ढेकणासारखीच दिसते, पण ढेकूण इतकं भराभर चालत नाही. धुतल्या तर नाहीत ना?

निशिगंधा
शनिवार, सकाळी ९:३१

नाही. नळी बंद केली आणि बघत बसले. आज मोजल्या, अकरा आहेत.